डीईएफचा दिवा आणि ‘कार्यक्षमता कमी’ असा कोड: कॅटॅलिस्ट बदलण्याआधी काय काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिझेल पिकअपच्या मीटरवर डीईएफची (एक्झॉस्टमधला नॉक्स हा विषारी वायू कमी करायला फवारतात त्या युरियाच्या द्रावणाची) गुणवत्ता खराब असल्याची सूचना आली आणि वेग बांधला जाण्याआधीची किलोमीटरची उलटी मोजणी सुरू झाली. टाकी नव्या डीईएफने भरली, तरी दिवा गेला नाही. स्कॅनरवर पी२०ईई आणि पी२०७एफ हे दोन कोड आहेत. एका मेकॅनिकने दोन्ही नॉक्स सेन्सर बदलायला सांगितले, दुसऱ्याने थेट एससीआर कॅटॅलिस्ट, म्हणजे डीईएफच्या मदतीने नॉक्स निकामी करणारा एक्झॉस्टमधला भाग. नक्की सुरुवात कुठून करायची?

सुरुवात टाकीतल्या द्रवापासून करा. कॅटॅलिस्ट सगळ्यात शेवटी. या क्रमाला कारण आहे. पी२०ईई येतो तेव्हा ईसीएमने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) फक्त एक हिशोब केलेला असतो: एससीआरच्या आधीच्या सेन्सरने दाखवलेला नॉक्स आणि नंतरच्या सेन्सरने दाखवलेला नॉक्स यांत अपेक्षेइतका फरक पडत नाहीये. तो का पडत नाहीये, हे ईसीएमला कळत नाही. द्रव पातळ किंवा दूषित असेल, तो पुरेसा पोहोचत नसेल किंवा नीट फवारला जात नसेल, सेन्सर चुकीचं मोजत असेल, किंवा कॅटॅलिस्ट खरंच संपला असेल. चारही वेळा कोड एकच येतो. पी२०७एफ गुणवत्तेचा कोड आहे खरा, पण टाकीत गुणवत्तेचा वेगळा सेन्सर नसलेल्या पिकअपमध्ये तोही याच हिशोबातून काढलेला अंदाज असतो. म्हणून उत्तम प्रतीचं डीईएफ भरूनही तो येऊ शकतो आणि नुसतं डीईएफ बदलून जाईलच असं नाही.

आधी नोंदी घ्या

कोड लगेच पुसू नका. त्याच्याबरोबर साठवलेला फ्रीझ फ्रेम डेटा उतरवून घ्या: एक्झॉस्टचं तापमान, वेग, इंजिनवरचा लोड, डीईएफची पातळी, टाकीचं तापमान. दोष डोंगर चढताना आला की अर्धा तास आयडलवर उभं असताना आला, यावरून पुढची निम्मी दिशा ठरते. शिवाय कोड पुसल्याने उलटी मोजणी थांबेलच असं नाही. बऱ्याच गाड्यांत ईसीएमची स्वतःची एससीआर चाचणी पास झाल्यावरच ती मागे जाते, आणि काही गाड्यांत तोच दोष परत आला की मोजणी थांबली होती तिथूनच पुढे सुरू होते.

कोड एकापेक्षा जास्त असतील तर आधी सर्किटचे सोडवा, मग दाबाचे आणि शेवटी कार्यक्षमतेचे. पी२०४७ (इंजेक्टरचं सर्किट), पी२०ई८ (दाब कमी), पी२२०० आणि पी२२९ई (नॉक्स सेन्सरचं सर्किट), यू०२९डी आणि यू०२९ई (नॉक्स सेन्सरशी संपर्क तुटलेला) यांपैकी एखादा सोबत असेल, तर पी२०ईई हा त्याचाच परिणाम धरून चाला. मूळ दोष काढल्याशिवाय त्याच्याकडे बघण्यात अर्थ नाही.

आणि स्कॅनर लावायच्या आधीच एक गोष्ट वहीवर तपासता येते. साधारण १०० लिटर डिझेलमागे २ ते ५ लिटर डीईएफ लागतं. ट्रेलर ओढणाऱ्या किंवा सतत भरलेल्या गाडीला वरच्या बाजूला. मागच्या काही भरण्यांचा हिशोब मांडा. पातळी हलतच नसेल तर फवारा होत नाहीये. खप दुप्पट-तिप्पट झाला असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा इंजेक्टर टपकतोय.

टाकीतला द्रव

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजं काढलेलं पाणी. आयएसओ २२२४१ या मानकात चालणारी मर्यादा ३१.८ ते ३३.२ टक्के आहे. तपासणी रिफ्रॅक्टोमीटरने (द्रवात प्रकाश किती वळतो यावरून टक्केवारी दाखवणाऱ्या उपकरणाने) करा, आणि तो डीईएफची पट्टी असलेलाच हवा. साखरेसाठीच्या ब्रिक्स पट्टीवर वाचलेला आकडा थेट युरियाची टक्केवारी नसतो. आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्य जुळवा, काच कोरडी पुसा, मग टाकीतला नमुना घ्या. कॅनमधला नमुना तपासून काही कळत नाही. सेन्सरच्या आणि पंपाच्या वाट्याला टाकीतला द्रव येतो. नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या नळीने टाकीच्या तळाजवळून घ्या.

रिफ्रॅक्टोमीटरची एक मर्यादा लक्षात ठेवा: तो टक्केवारी सांगतो, शुद्धता नाही. पाण्यात मीठ किंवा साखर विरघळवली तरी काचेवर छान आकडा येईल. शेतीच्या खताचा युरिया विरघळवून केलेलं पाणीही ३२.५ दाखवू शकतं. पण त्यात दाण्यांवरचं फॉर्मल्डिहाइडचं आवरण, जास्त बाययुरेट (युरिया तापून तयार होणारं संयुग) आणि धातूंचे क्षार असतात. मानकात कॅल्शियमची मर्यादा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम आहे. नळाच्या पाण्यात तो सहज कित्येक पटींनी जास्त असतो. हे क्षार कॅटॅलिस्टवर बसतात आणि परत निघत नाहीत. म्हणून ‘थोडं पाणी घातलं तर काय होतंय’ हा विचार सगळ्यात महाग पडतो.

डिझेल मिसळलंय का, हे वेगळं बघावं लागतं. यासाठी टाकीतल्या द्रवाच्या वरच्या थराचा नमुना पांढऱ्या ताटलीत ओता आणि तिरप्या उजेडात पाहा. इंद्रधनुषी तवंग दिसला किंवा डिझेलचा वास आला तर पंप चालू करू नका, इग्निशनही देऊ नका. डिझेल डीईएफवर तरंगतं आणि पंपातली, लाइनमधली रबरी सील फुगवतं. मग पंप, लाइन, इंजेक्टर सगळंच बदलायची वेळ येते. बहुतेक वेळा कारण साधं असतं, डिझेलसाठी वापरलेलं नरसाळं. डीईएफचं नरसाळं आणि कॅन वेगळेच ठेवा, एचडीपीई प्लास्टिकचे किंवा स्टेनलेस स्टीलचे. तांबं, पितळ, जस्ताचा मुलामा आणि साधं लोखंड चालत नाही. उलट चूक, म्हणजे डिझेलच्या टाकीत डीईएफ गेलं, तर इंजिन अजिबात सुरू करू नका. डीईएफ जड असल्यामुळे तळाला बसतं आणि सगळ्यात आधी तेच इंधनपंपात ओढलं जातं.

जुन्या साठ्याचं गणित तापमानावर चालतं. कायम २५ अंशांच्या आत ठेवलेलं डीईएफ साधारण १८ महिने टिकतं, ३० अंशांत १२ महिने, ३५ अंशांत जेमतेम ६. उन्हात पडलेल्या कॅनमधलं पाणी उडून टक्केवारी वाढते, किंवा युरिया फुटून अमोनियाचा उग्र वास येतो. महिनोनमहिने उभ्या राहिलेल्या पिकअपच्या टाकीचंही हेच होतं, फक्त तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

टक्केवारी मर्यादेबाहेर असेल तर नवं डीईएफ वरून ओतून ‘जुळवत’ बसू नका. टाकी पूर्ण रिकामी करा, डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खंगाळा, तेही पूर्ण काढा आणि ताजं भरा. भरायचं नोझल स्वतःहून बंद झालं की थांबा, गळ्यापर्यंत भरू नका. गोठताना डीईएफ सुमारे ७ टक्के फुगतं, त्यासाठी वर जागा लागते. आणि काठोकाठ भरलेल्या टाकीतला द्रव व्हेंटमध्ये (टाकीच्या हवेच्या वाटेत) जाऊन तिथे खडा धरतो. व्हेंट बंद झाला की टाकीत निर्वात होतो आणि पंपाला ओढ कमी पडते. मग दाबाचा कोड येतो आणि चांगला पंप बदलला जातो. दाब कमी दिसत असेल तर टाकीचं झाकण सैल करून पाहा. दाब लगेच सुधारला तर दोष व्हेंटमध्ये आहे.

भरल्यावर पातळी लगेच दिसली नाही तर घाबरू नका. अनेक गाड्या काही लिटरपेक्षा कमी भर ओळखतच नाहीत, आणि पातळीचा आकडा थोडं चालवल्यावरच बदलतो. अल्ट्रासोनिक सेन्सर असेल तर घाईने ओतल्यामुळे झालेले बुडबुडेही चुकीची पातळी किंवा चुकीची गुणवत्ता दाखवतात, कारण दोन्ही ध्वनीच्या प्रवासावरून मोजली जातात. गाडी सपाट जागेवर थोडा वेळ उभी ठेवून पुन्हा वाचा.

दाब आणि फवारा

द्रव ठीक निघाला की स्कॅनरवर डीईएफचा दाब लाइव्ह बघा. पुष्कळ पिकअपमध्ये तो ५ बारच्या आसपास असतो, काही रचनांत ९ बार. तुमच्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. नुसता आकडा बघू नका, त्याची चाल बघा.

रात्रभर उभ्या गाडीत इग्निशन चालू, इंजिन बंद, पंप बंद अशा वेळी दाब शून्याजवळ हवा. तिथेच तो तीन-चार बार दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग खोटं बोलतेय आणि पुढचे सगळे आकडे निरुपयोगी आहेत. पंप चालू केल्यावर दाब सावकाश वर येत असेल, वर येऊन घसरत असेल किंवा पंपाचा ड्यूटी सायकल (त्याला दिलेल्या आज्ञेची टक्केवारी) खूप वर जाऊनही आकडा गाठत नसेल, तर फिल्टर चोक, ओढणीच्या बाजूला हवा, गळती किंवा थकलेला पंप. फिल्टर आधी बदला. तो स्वस्त असतो आणि बहुतेकदा विसरलेला असतो. दाब एकदम स्थिर आहे, पण फवारा चालू असतानाही त्यात बारीकशी थरथर दिसत नाही, तर इंजेक्टरमधून काही बाहेर पडत नाहीये. फवाऱ्याची आज्ञा नसतानाही दाब खाली येत असेल आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर इंजेक्टर एक्झॉस्टमध्ये टपकतोय.

इंजिन बंद केल्यावर मात्र दाब पडणं बरोबर आहे. तेव्हा पंप उलटा फिरून लाइनमधला द्रव टाकीत परत ओढतो, म्हणजे लाइनमध्ये डीईएफ गोठू नये किंवा वाळून खडा होऊ नये. याला साधारण एक-दोन मिनिटं लागतात. इंजिन बंद केल्या केल्या बॅटरीचा मेन स्विच बंद करण्याची सवय असेल तर हा परतीचा प्रवास अर्धवट राहतो, इंजेक्टरच्या टोकाशी द्रव वाळतो आणि काही आठवड्यांत नोझल चोक होतं. किमान पाच मिनिटं थांबा, मगच बॅटरीला हात लावा. वारंवार नोझल चोक होणाऱ्या गाडीत मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो.

इंजेक्टरची खरी परीक्षा मोजमापाच्या भांड्यात होते. एक्झॉस्ट थंड झाल्यावर इंजेक्टर उतरवा; लाइन आणि कपलर (वायरचा जोड) जोडलेले राहू द्या. बऱ्याच इंजेक्टरना इंजिनच्या कूलंटचा थंडावा दिलेला असतो, त्या नळ्या तशाच ठेवता आल्या तर उत्तम. टोक पारदर्शक मोजपात्रात धरा आणि स्कॅनरमधून डोसिंग टेस्ट चालवा. स्कॅनर ठरावीक वेळ फवारा देतो; जमलेले मिलिलिटर मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. चाचणी तीनदा करा. तीनही वेळा जवळपास सारखा पण कमी आकडा आला तर चोक किंवा दाब कमी. आकडे एकमेकांशी जुळतच नसतील तर इंजेक्टर अडकतोय किंवा लाइनमध्ये हवा आहे. प्रमाण बरोबर असूनही फवारा धुक्यासारखा न येता एकाच बाजूला पिचकारी जात असेल, तरी तो इंजेक्टर नापासच, कारण मोठे थेंब एक्झॉस्टच्या भिंतीवर जाऊन बसतात. चाचणी थांबल्यावर टोकाकडे मिनिटभर बघत राहा. एक थेंबही जमता कामा नये. परत बसवताना गॅस्केट नवीनच घाला. जुनं गॅस्केट गळलं की टोकाभोवती पुन्हा खडा धरतो.

लाइन उघडली असेल तर पुन्हा दाब यायला इग्निशन चालू-बंद करण्याचे दोन-चार फेरे लागू शकतात. पहिल्याच फेऱ्यात दाब आला नाही म्हणून पंपाला दोष देऊ नका.

पांढरा थर दोन प्रकारचा असतो

हे ओळखता आलं की पुष्कळ गोष्टी उलगडतात. जोडांवर, झाकणाभोवती, इंजेक्टरच्या बाहेरच्या बाजूला दिसणारा भुसभुशीत पांढरा थर म्हणजे वाळलेला युरिया. एक्झॉस्टच्या आत, मिक्सरच्या (फवारा वायूत मिसळणाऱ्या भागाच्या) पात्यांवर बसलेला कडक, पिवळट किंवा राखाडी दगड म्हणजे युरिया अर्धवट तापल्यावर तयार झालेलं बाययुरेट आणि सायन्युरिक ॲसिड. एक तुकडा कोमट पाण्याच्या ग्लासात टाका आणि ढवळा. युरिया असेल तर तो काही मिनिटांत नाहीसा होतो आणि ग्लास हाताला गार लागायला लागतो, कारण युरिया विरघळताना उष्णता खेचून घेतो. तळाशी तसाच बसून राहिला तर तो दुसरा प्रकार.

पहिल्या प्रकाराला कोमट डिस्टिल्ड वॉटर पुरतं. नोझलचं टोक त्यात भिजत ठेवा. तारेचा ब्रश, सुई किंवा सॉल्व्हंट वापरू नका, भोकं बिघडतात. दुसऱ्या प्रकाराला पाणी लागू पडत नाही, त्याला उष्णता लागते. सायन्युरिक ॲसिड साधारण ३५० अंशांच्या वर विघटित होऊ लागतं. सर्व्हिस रिजन (स्कॅनरमधून एक्झॉस्ट मुद्दाम तापवण्याची प्रक्रिया) देऊन एससीआरच्या तोंडाशी ४०० अंशांच्या वर तापमान थोडा वेळ टिकवलं तर मध्यम थर जळून जातो. मात्र रिजन मोकळ्या जागेत द्या, गाडीखाली वाळलेलं गवत, कागद, प्लास्टिक नको. मिक्सर पूर्ण बंद झाला असेल तर तो उतरवूनच साफ करावा लागतो.

दगड झाला म्हणजे कारण शिल्लक आहे. लांबलचक आयडल, एक्झॉस्ट तापायच्या आत संपणाऱ्या फेऱ्या, टपकणारा इंजेक्टर किंवा चुकीचं वाचणारा तापमान सेन्सर, यांपैकी एक तरी सापडायलाच हवं. नाहीतर महिन्याभरात तोच दगड पुन्हा दिसेल.

डीईएफचा एक त्रासदायक गुण इथेच सांगतो. ते गळलं की कपलरमध्ये शिरतं आणि तिथून तांब्याच्या बारीक तारांमधून, इन्सुलेशनच्या आतल्या आत, वर चढत जातं. बाहेरून वायर धडधाकट दिसते. कपलर उघडून पिनांवर पांढरा थर किंवा हिरवट-निळा गंज दिसला, तर एक-दोन इंच मागे इन्सुलेशन सोलून बघा. आतली तार काळी-हिरवी असेल तर नुसत्या कॉन्टॅक्ट क्लीनरने भागणार नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापा आणि नवीन टर्मिनल बसवा. पंप, हीटर, इंजेक्टर यांचे ‘कधी येतात, कधी जातात’ असे कोड पुष्कळदा इथे सुटतात. फक्त कंटिन्युइटी बघून समाधान मानू नका, लोडवर व्होल्टेज ड्रॉप मोजा. गंजलेली एक तार उरली तरी मल्टिमीटर बीप देतो.

टाकीच्या हीटरचा कोड कडक उन्हाळ्यातही येऊ शकतो, कारण ईसीएम सर्किटची तपासणी बाराही महिने करतो. डीईएफ उणे ११ अंशांना गोठतं, आणि गोठल्यामुळे काही बिघडत नाही. वितळलं की टक्केवारी तीच राहते. गोठू नये म्हणून त्यात काहीही मिसळू नका. हीटरसाठी फ्यूज, रिले, मग थेट हीटरचा रेझिस्टन्स मॅन्युअलशी ताडणं, एवढंच काम आहे. काही गाड्यांत हीटर, पंप आणि पातळीचा सेन्सर एकाच युनिटमध्ये असतात आणि सुटे मिळत नाहीत. तिथे निदान दुप्पट काळजीने करा.

नॉक्स सेन्सर खरं बोलतोय का

सगळ्यात जास्त सेन्सर विनाकारण बदलले जातात ते इथे. सेन्सर आणि त्याचा छोटा मॉड्यूल ही जोडी कारखान्यातच एकमेकांशी जुळवलेली असते आणि आकडा कॅन लाइनवरून (गाडीतल्या मॉड्यूलना जोडणाऱ्या डेटाच्या तारांवरून) ईसीएमला जातो. त्यामुळे मल्टिमीटरने तपासण्यासारखं फारसं काही नसतं: मॉड्यूलला बॅटरी व्होल्टेज, चांगलं ग्राउंड आणि बॅटरी सोडवलेली असताना कॅनच्या दोन तारांमध्ये साधारण ६० ओहम. मधली केबल कापून जोडू नका. थंड एक्झॉस्टमध्ये सेन्सर आकडाच देत नाही, हे बरोबर आहे. आतलं सिरॅमिक साधारण ८०० अंशांपर्यंत तापतं आणि त्यावर पाण्याचा थेंब पडला तर तडकतं, म्हणून एक्झॉस्टमधली ओल उडेपर्यंत ईसीएम त्याला तापू देत नाही.

आता मुख्य मुद्दा. नॉक्स सेन्सर अमोनियालाही नॉक्स समजतो. इंजेक्टर टपकत असेल किंवा डोस जास्त होत असेल, तर डीईएफपासून तयार झालेला, न वापरलेला अमोनिया एससीआरमधून निसटतो आणि मागचा, म्हणजे एससीआरनंतरचा, सेन्सर ‘नॉक्स खूप आहे’ असं सांगतो. ईसीएमच्या हिशोबात कार्यक्षमता घसरते आणि पी२०ईई येतो, जेव्हा प्रत्यक्षात डीईएफ जास्त पडत असतं. अशा वेळी सेन्सर बदलला तरी नवा सेन्सर तेच सांगणार. मागचा आकडा पुढच्यापेक्षा जास्त दिसला तर अमोनियाचाच संशय घ्या.

पडताळणी अशी करा. गाडी अर्धा तास चालवून एससीआरचं तापमान ३०० अंशांच्या आसपास स्थिर करा. दोन्ही सेन्सरचे आकडे लिहा. समजा पुढे ४०० पीपीएम आणि मागे १६०. फरक २४०, म्हणजे कार्यक्षमता ६० टक्के. तापलेल्या, धडधाकट एससीआरकडून ९० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मागे ४० पीपीएमच्या आत, अपेक्षा असते. आता स्कॅनरमधून डीईएफचा फवारा बंद करा आणि तोच वेग, तोच लोड ठेवून मागच्या आकड्याकडे बघा. तो आधी खाली आला तर मघाशी दिसत होता तो अमोनिया: इंजेक्टरकडे परत जा. तो लगेच वर चढायला लागला तर खरा नॉक्स आहे, म्हणजे डोस कमी किंवा कॅटॅलिस्ट कमजोर. कॅटॅलिस्टमध्ये साठलेला अमोनिया संपायला काही मिनिटं लागतात. तो संपल्यावर पुढचा-मागचा आकडा जवळजवळ सारखा व्हायला हवा, कारण आता मध्ये काही घडतच नाहीये. इतका वेळ देऊनही दोघांत मोठी तफावत राहिली तर दोघांपैकी एक सेन्सर चुकीचा आहे. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर, इंजिनला इंधन जात नसताना, दोघांनीही शून्याकडे यायला हवं. जो वरच अडकून राहतो तो गुन्हेगार.

ही एक चाचणी नीट केली तर दोन सेन्सर आणि एका कॅटॅलिस्टचा खर्च वाचू शकतो.

तापमान, गळती आणि इंजिन

फवारा साधारण २०० अंशांच्या खाली सुरूच होत नाही. म्हणून रात्रभर उभ्या गाडीत सकाळी इंजिन सुरू करण्याआधी एक्झॉस्टचे सगळे तापमान सेन्सर वाचा. सगळ्यांनी बाहेरच्या हवेइतकं, एकमेकांच्या काही अंशांच्या आत तापमान दाखवायला हवं. एखादा ४० अंशांनी वेगळा असेल तर ईसीएम त्याच्या भरवशावर चुकीचा डोस ठरवतोय.

दोन नॉक्स सेन्सरच्या मधे फ्लँज किंवा जोड गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन हिशोब बिघडतो. काळ्या काजळीच्या रेघा शोधा. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनमध्ये सोडणारा) बंद स्थितीत अडकलेला असेल तर इंजिनमधूनच इतका नॉक्स येतो की ठरलेला डोस पुरत नाही. तेव्हा मागचा आकडा जास्त असतो, पण पुढचाही नेहमीपेक्षा बराच वर असतो. इथे दुरुस्ती इंजिनची करायची, डीईएफची नाही.

कॅटॅलिस्टला दोषी ठरवायचं ते एवढं सगळं पास झाल्यावर. तेव्हाही त्याला एक संधी द्या. जास्त गंधकाच्या डिझेलमुळे किंवा न जळलेल्या इंधनामुळे मंदावलेला कॅटॅलिस्ट ५०० अंशांच्या वर तापवला की बराचसा पूर्वपदावर येतो. म्हणून सर्व्हिस रिजन द्या, नंतर कार्यक्षमता पुन्हा मोजा. इंजिन ऑइल खाणारी गाडी असेल तर त्यातले फॉस्फरस आणि जस्त, आणि कूलंट गळत असेल तर त्यातले क्षार, कायमचे बसतात. ते रिजनने जात नाहीत. अशा गाडीत आधी ऑइल किंवा कूलंटचं कारण काढा, नाहीतर नवा कॅटॅलिस्टही त्याच वाटेने जाईल. बनावट सिग्नल देणारा इम्युलेटर बसवून दिवा घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर नाही म्हणा. त्याने नॉक्स तसाच हवेत जातो, बहुतेक ठिकाणी ते बेकायदेशीर आहे, आणि पुढच्या खऱ्या दोषाचं निदान करायला काही शिल्लक राहत नाही.

दुरुस्तीनंतर

भाग बदलला की काम संपलं असं नाही. नॉक्स सेन्सर, इंजेक्टर, टाकीचं युनिट किंवा कॅटॅलिस्ट बदलल्यावर ईसीएमने जुन्या भागासाठी शिकलेल्या दुरुस्त्या पुसाव्या लागतात. कॅटॅलिस्टचं वय मोजणारा काउंटरही शून्य करावा लागतो. स्कॅनरमध्ये गुणवत्तेची चाचणी किंवा डीईएफ रीसेट अशा नावाने पर्याय असतो. तो न वापरता गाडी दिली तर नवा भाग असूनही जुना डोस पडत राहतो आणि दोन दिवसांनी कोड परत येतो. ईसीएमसाठी सॉफ्टवेअर अपडेट आला आहे का, तेही बघून घ्या.

त्यानंतर रस्त्यावर चाचणी. टाकीत निम्म्याहून जास्त डीईएफ, डीपीएफमध्ये (काजळी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी कमी, आणि एकसारख्या वेगाने, शक्यतो थोडा लोड ठेवून, ३० ते ४० मिनिटं. एससीआरच्या तोंडाशी २५० अंशांच्या वर तापमान टिकायला हवं. शहरातल्या थांबत-थांबत फेरीत ईसीएमची चाचणी पूर्णच होत नाही. स्कॅनरवर चाचणी ‘पूर्ण’ झाल्याचं आणि कार्यक्षमतेचा आकडा दोन्ही बघा. दिवा गेला, पण चाचणी अजून अपूर्ण असेल तर गाडी ताब्यात देऊ नका. उलटी मोजणी अगदी शेवटच्या टप्प्यात असेल तर चाचणीला निघण्याआधी स्कॅनरमधून तात्पुरती सवलत देण्याची सोय तुमच्या मॉडेलमध्ये आहे का ते पाहून घ्या, नाहीतर गाडी वाटेतच गोगलगाईच्या वेगावर येऊन अडकेल. परत आल्यावर इंजिन बंद करा, पंपाचा उलटा फिरण्याचा आवाज थांबेपर्यंत थांबा, आणि टॉर्च घेऊन उघडलेला प्रत्येक जोड पुन्हा एकदा बघा: दाबाखालची गळती याच वेळी ओली दिसते, दुसऱ्या दिवशी ती फक्त पांढरी रेघ उरते.